शिक्षिकेला शालेय समुपदेशक व्हायचंय : एमएचा अर्ज, दोन वर्षं आणि पुढचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे : "परळच्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत अकरा वर्षं शिकवतेय. बीए इतिहास, बीएड, वय ३६. मुलं माझ्याकडे येऊन मन मोकळं करतात. शालेय समुपदेशक व्हायचंय म्हणून एमए करायचा विचार आहे, नोकरी सांभाळून, शक्यतो दूरशिक्षणाने. अर्ज कुठे करू? इतिहासाच्या पदवीवर प्रवेश मिळेल का? इंग्रजी झेपेल का? आणि पुढे काम मिळेल का?"

ताई, आधी दूरशिक्षणाचं सांगते, कारण तुमचं सगळं गणित त्यावर बसलेलं दिसतंय. तो रस्ता आता बंद झालाय. यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. आरोग्यसेवेशी जोडलेल्या व्यवसायांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा विषय येतो, म्हणून. आधी प्रवेश घेतलेल्यांना अभ्यासक्रम पुरा करता येतो, पण नवे प्रवेश नाहीत. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षिकांनी इग्नूचं एमए मानसशास्त्र रात्री जागून, शनिवार-रविवार अभ्यास करून पुरं केलं. त्यांच्यासारख्यांची सोय गेली याचं मला वाईट वाटतं. पण फील्डवर्कला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम शिकायला, आलेल्या एमएच्या विद्यार्थ्यांबरोबर इतकी वर्षं काम केल्यावर हेही सांगते की मुलांशी बोलायचं काम पोस्टाने आलेल्या पुस्तकांवर शिकता येत नाही. 'घरबसल्या एमए सायकॉलॉजी' असं कुणी सांगत असेल तर फी भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा.

माझी ओळख एवढीच की गेली बावीस वर्षं मी मुंबईतल्या शाळांमध्ये समुपदेशन करते आणि त्यातली बारा-तेरा वर्षं एमएच्या विद्यार्थ्यांचं फील्डवर्क माझ्या देखरेखीखाली होतंय. त्यामुळे मी कॉलेजच्या बाजूने कमी आणि शाळेच्या बाजूने जास्त बोलेन.

'शालेय समुपदेशन' असं नाव असलेली एमएची पदवी शोधत बसू नका. आपल्याकडे सहसा मानसशास्त्रात एमए करतात आणि त्यात समुपदेशनाचं स्पेशलायझेशन घेतात. मुंबईत तीन ठिकाणं आधी पाहावीत. मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा उपयोजित मानसशास्त्र विभाग. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आपलं टिस, जिथे क्लिनिकल आणि समुपदेशन या दोन्ही अंगांनी उपयोजित मानसशास्त्राचं एमए आहे. आणि महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ, ज्याचा मानसशास्त्र विभाग चर्चगेटला आहे आणि मानवविकासाचा जुहूला. परळहून जाणाऱ्या बाईला चर्चगेट सोयीचं, हा विचारही करा. दोन वर्षं आठवड्यातून पाच दिवस प्रवास करायचाय, तिसऱ्या महिन्यात अंगातलं त्राण जातं.

टिसला आता सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ती साधारण मार्चच्या सुमाराला होते आणि अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी भरायचे असतात. दरवर्षी जूनमध्ये मला फोन येतात, "मॅडम, यंदा प्रवेश घ्यायचाय." तोवर गाडी निघून गेलेली असते. शाळेचं वर्ष जूनपासून मोजायची आपली सवय इथे नडते. दिवाळीच्या सुट्टीपासून तयारीला लागा.

आता इतिहासाचं. बहुतेक विभाग बीएला मानसशास्त्र मागतात, निदान ठरावीक पेपर तरी. प्रत्येकाची अट वेगळी असते, म्हणून माहितीपत्रकातला पात्रतेचा परिच्छेद दोनदा वाचा. 'कोणतीही पदवी' हे शब्द दिसले की खालची तारांकित ओळही पाहा. अट आडवी आली तर मी तुम्हाला आधी एनसीईआरटीची मार्गदर्शन आणि समुपदेशनाची पदविका सुचवेन. ती प्रामुख्याने सेवेतल्या शिक्षकांसाठीच आखलेली आहे. एक वर्षाची असते. सहा महिने घरून, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्याच भागात इंटर्नशिप. आपल्याला भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत जावं लागतं. तीन महिने घर सोडायचं म्हणजे घरच्यांशी आणि मुख्याध्यापकांशी आधी बोलून ठेवायला हवं, पण हे वर्ष वाया जात नाही. सीबीएसई शाळांच्या नियमांत समुपदेशकाच्या पदासाठी अशी पदविका असलेला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणजे एमएचं पुढे काहीही झालं तरी दार थोडं उघडलेलं राहतं.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते सांगते. अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी दोन गोष्टी विचारा : प्रत्यक्ष मुलांसमोर बसायचे तास किती मिळतात आणि त्या तासांनंतर तुमच्याबरोबर बसून चूक दाखवणारं माणूस कोण. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांचं एमए ८८ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) झालंय. त्यात पहिल्या वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, ४ श्रेयांकांचं आहे. साधारण १२० तास. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेत शालेय समुपदेशनाच्या मास्टर्सना मान्यता देणारी केकरेप नावाची संस्था आहे. तिच्या निकषांत ६० क्रेडिट, १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप आहे, आणि त्या सहाशेतले २४० तास थेट विद्यार्थ्यांबरोबरचे असावे लागतात. तिकडे जायचं असेल त्यांनी हे आकडे आणि ज्या राज्यात काम करायचं तिथला परवाना, दोन्ही पाहून ठेवावेत. तुम्हाला तिकडे जायचं नाही, तरी हे आकडे डोळ्यांपुढे असू द्या. आपल्याकडचे १२० तास सुरुवातीला पुरतात, पण त्यावर थांबलात तर पदवी हातात येते आणि मूल समोर बसलं की घाम फुटतो. उरलेले तास स्वतः मिळवावे लागतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे, मुंबईत विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी काम करणारं 'उम्मीद' आहे. अशा ठिकाणच्या कार्यशाळांना जा, स्वयंसेवकांची गरज असेल तर नाव द्या, मे महिन्याच्या सुट्टीत जा.

काही ठिकाणी अर्जाबरोबर हेतुपत्र, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणारं पत्र, लिहावं लागतं. मी वाचलेल्या हेतुपत्रांपैकी निम्म्यांची सुरुवात 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडतं' अशी असते. निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. तुमच्याकडे अकरा वर्षांचा वर्ग आहे, त्यातलं एक मूल लिहा. नाव-गाव बदलून लिहा, आणि तुम्ही काय केलंत त्यापेक्षा तुम्हाला काय करता आलं नाही ते लिहा. 'तेव्हा मला कळेना की पुढे काय विचारावं' एवढं एक खरं वाक्य पानभर आदर्शवादाला भारी पडतं. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असतो : "मुलाने सांगितलं की वडील पट्ट्याने मारतात, तर काय कराल?" शिक्षक पटकन म्हणतात, "पालकांना बोलावून समजावेन." मग परीक्षक विचारतात, "त्या संध्याकाळी घरी त्या मुलाचं काय होईल?" या प्रश्नावर गप्प राहून विचार करणारा उमेदवार मला आवडतो. उत्तर पाठ करून जाऊ नका, पण १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन, बालकल्याण समिती आणि शाळेची स्वतःची जबाबदारी यांची माहिती ठेवून जा.

"मुलं माझ्याकडे येऊन मन मोकळं करतात" असं तुम्ही लिहिलंय. ही खरी पुंजी आहे. पण तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षकांना दोन वर्षांत सगळ्यात जड जातं ते शिक्षकपण बाजूला ठेवणं. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

माझ्याकडे फील्डवर्कला एक शिक्षिका आली होती, साधारण तुमच्याच वयाची. शाळेत समुपदेशनाला वेगळी खोली नव्हती. खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका कोपऱ्यात डंबेल्स, भिंतीला लेझीम टांगलेल्या, मधे दोन खुर्च्या. सातवीतला एक मुलगा तिच्यासमोर बसला. प्रत्येक भेटीनंतर संवाद आठवेल तसा शब्दशः लिहून आणायचा असतो, आम्ही त्याला व्हर्बाटिम म्हणतो. तिने आणलेल्या कागदावर होतं :

"शाळेत यावंसं वाटत नाही."
"का बरं? अभ्यास अवघड जातो का?"
(गप्प.)
"रोज थोडा थोडा केलास ना, की काही अवघड नसतं."
"हो बाई."

मी त्या 'हो बाई'खाली रेघ मारली आणि तिला विचारलं, "हे म्हणताना तो कुठे बघत होता?" तिला आठवेना. ती चांगली शिक्षिका होती, म्हणूनच प्रश्न ऐकला की तिच्याकडे उत्तर तयार असायचं. पुढच्या भेटीत तिला एकच काम दिलं : तो बोलून थांबला की मनात पाचपर्यंत मोजायचं. तीन आठवड्यांनी तिने दुसरा कागद आणला. मुलाने भिंतीवरची लेझीम काढून मांडीवर घेतली होती आणि हळूहळू वाजवत होता. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आजी गेली. आता डबा नसतो. सगळे डबा खातात तेव्हा मी नळावर जातो."

हा कागद वाचताना ती माझ्यासमोर रडली. तिच्या एमएच्या दोन वर्षांतलं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं असं मी मानते. पुस्तकात याला सक्रिय ऐकणं म्हणतात, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीचे पेपर तुम्ही लिहाल, गुणही मिळतील. पण पाचपर्यंत मोजायला सुपरवायझर लागतो. म्हणून पुन्हा सांगते, प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, "तुमचे व्हर्बाटिम कोण वाचतं? दर आठवड्याला वाचतं का?" उत्तर देताना तो अडखळला तर ते ध्यानात ठेवा.

गुप्ततेची माझी स्वतःची एक चूकही सांगते, कारण ती नवे लोक अजूनही करतात. पहिल्याच वर्षी एका मुलीला मी शब्द दिला, "तू सांगशील ते मी कुणालाही सांगणार नाही." मग तिने जे सांगितलं ते मला सांगणं भागच होतं. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मी कळवलं, ते बरोबरच होतं, पण त्या मुलीने त्यानंतर माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. आता माझ्याकडे येणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या भेटीत पहिलं वाक्य हेच म्हणतो : "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी इजा करत असेल, तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन." हे वाक्य मराठीत, मुलांना कळेल अशा शब्दांत, आरशासमोर बोलून पाठ करा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून 'जरा थांबा' म्हणणारे लोक भेटतील. कायदा माहीत असला की तेव्हा पाय लटपटत नाहीत.

इंग्रजीची भीती वाटते म्हणालात. पहिले तीन महिने कठीण जातील. पाठ्यपुस्तकं, शोधनिबंध सगळं इंग्रजीत. रोज दोन पानं, हातात पेन्सिल, शेजारी स्वतःची शब्दवही. दिवाळीपर्यंत जमतं. माझ्या डोळ्यांसमोर कितीतरी जणींना जमलंय. एखाद्या विषयात एटीकेटी लागली तरी खचू नका. पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. मूल समोर बसतं तेव्हा इंग्रजीत शिकलेलं मराठीत आणावं लागतं, आणि तिथे तुम्ही पुढे असाल. मला इतक्या वर्षांत मराठी शाळेतलं कुठलंही मूल 'मला चिंता वाटते' म्हणालेलं आठवत नाही. ते म्हणतं, 'पोटात गोळा येतो', 'डोकं गरगरतं', 'कसंतरी होतं', 'मन लागत नाही', 'छातीत धडधडतं'. यातलं कुठलं परीक्षेच्या धास्तीचं, कुठलं उपाशीपोटीचं आणि कुठलं त्याहून गंभीर, हे ओळखायला ती भाषा रक्तात असावी लागते. आपल्याकडे या कामाला मराठीत जुनी पायवाट आहे. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, ती बिने-कामत चाचणी तुम्ही अभ्यासाल. कि. मो. फडक्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मराठीत रुजवली. त्या पद्धतीत अविवेकी आग्रह शोधायचा असतो, आणि मराठीत तो एका अक्षरात सापडतो. 'मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत' यातल्या 'च'वर बोट ठेवायचं. दहावीच्या मुलांना हे पाच मिनिटांत कळतं.

प्रबंधाबद्दल थोडंसंच. विषय छोटा घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. पालिकेच्या शाळेत माहिती गोळा करायची तर शिक्षण विभागाची परवानगी, आणि तिथे आठ माध्यमं आहेत हे ध्यानात ठेवून प्रश्नावलीची भाषा ठरवा. इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून घेतली तर दुसऱ्या माणसाकडून ती उलट इंग्रजीत करून पडताळा. आणि वेळ : गणपतीची सुट्टी संपल्यापासून सहामाही परीक्षेपर्यंतचे जे आठवडे मिळतात, तेवढेच तुमचे. जानेवारीत प्रिलिम सुरू झाली की कुठलेही मुख्याध्यापक वर्गात पाऊल ठेवू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

काम मिळेल का? सीबीएसई, आयसीएसई आणि आंतरराष्ट्रीय शाळांत पूर्णवेळ पदं असतात. २५ जुलै २०२५च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलंय. त्यामुळे विचारणा वाढतेय. मराठी अनुदानित शाळांचं चित्र मात्र मला दुःख देतं. तिथे मंजूर पदच सहसा नसतं. एखाद्या संस्थेमार्फत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक येते, आठशे मुलांमागे एक. आपल्या मुलांना त्यांच्या भाषेत ऐकणारं माणूस सगळ्यात कमी मिळतं. तुम्ही तिथेच काम करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण पगाराचं आधी नीट पाहून घ्या. अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना विशेष अडचण येणाऱ्या, मुलांचं काम तिथे फार पडून आहे. सायन, केईएम, नायर या रुग्णालयांतून प्रमाणपत्र मिळतं आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण नववीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. हे काम समजून घेणारी समुपदेशक शाळेला पहिल्याच वर्षात आपली वाटते.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. ज्या वर्गाचे पेपर तपासता त्याच वर्गातल्या मुलाचं समुपदेशन करू नका. गुण देणाऱ्या हाताला मूल सगळं सांगत नाही. शाळेने दोन्ही कामं एकाच पगारात मागितली तर निदान इयत्ता वेगळ्या मागून घ्या.

आता कागदपत्रं, कारण हुशार बायका इथे अडकतात. बीएची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. काही ठिकाणी राजपत्रातली नावबदलाची नोंदही मागतात. पदवीनंतर बरीच वर्षं गेलीत, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. आरक्षणातून अर्ज असेल तर जातवैधता, आणि लागू असेल तर चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर. अनुदानित शाळेत आहात म्हणून संस्थेचं ना-हरकत पत्र हवं. पूर्णवेळ एमएसाठी रजा लागेल, ती अध्ययन रजा की बिनपगारी, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. तोंडी 'करा हो बाई' वर विसंबू नका. ना-हरकत पत्राला संस्थेच्या बैठकीची वाट पाहावी लागते, तेव्हा तो अर्ज या आठवड्यात द्या आणि पोचेवर सही-शिक्का घ्या.